मीटिंगला मावशींना कुणी बोलावलं नव्हतं

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक निळं पोतं कायम टांगलेलं असायचं. मी नेरुळच्या या इमारतीत राहायला आले तेव्हापासून ते तिथेच होतं. पोतं मावशींचं. तुर्भ्याच्या वस्तीतून त्या सकाळी साडेसहाला यायच्या, सात मजल्यांचा सुका कचरा खाली आणायच्या, पन्नी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पत्रा असे ढीग लावायच्या आणि दुपारी भंगारवाल्याकडे वजनाला न्यायच्या. सोसायटी त्यांना एक रुपया देत नव्हती. कचऱ्यातून जे निघेल तीच त्यांची कमाई. अकरा वर्षं हे असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवी व्यवस्था आणली. ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र, सुका कचरा नेणारी एका संस्थेची गाडी, रंगीत डबे, आणि त्याच सुमाराला गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोबाइलवर नोंद. मी तेव्हा कमिटीत होते. ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता आणि आपण काहीतरी चांगलं करतोय याचा मला मनापासून आनंद झाला होता. कचरा खरोखर कमी झाला. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं, ते लॉबीत फ्रेम करून लावलं. मावशी मात्र त्या आठवड्यापासून दिसेनाशा झाल्या. गेटवरच्या फोनमध्ये घरकाम, ड्रायव्हर, पार्सल, पाहुणे असे रकाने होते. मावशी त्यांतल्या कशातच बसत नव्हत्या, कारण कुठल्याही एका घराने त्यांना कामाला ठेवलेलं नव्हतं. वॉचमनने दोन दिवस त्यांना तसंच आत सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यालाच नियम ऐकवला गेला.

हे मला कळायला चार महिने लागले. या चार महिन्यांची मला लाज वाटते.

सामाजिक नवोपक्रम, म्हणजे समाजाचे प्रश्न सोडवायच्या नव्या पद्धती, ज्याला हल्ली सगळीकडे सोशल इनोव्हेशन म्हणतात, त्याबद्दल बोलताना ‘समावेशक’ हा शब्द फार सहज येतो. आमच्या ठरावातही तो होता: ‘सर्व घटकांना सामावून घेणारी कचरा व्यवस्था’. सर्व घटक म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर मालक होते, भाडेकरू होते, ज्येष्ठ नागरिक होते, तळमजल्यावरचे दुकानदार होते. ज्या बाईच्या हातातून हा कचरा अकरा वर्षं जात होता, ती आम्हाला घटक वाटलीच नाही. तेव्हापासून मी एखादा उपक्रम किती लोकांपर्यंत पोहोचला हे विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारते. तो ठरला तेव्हा खोलीत कोण होतं? त्यांतल्या कोणाला ‘हे नको’ म्हणता येत होतं? आणि तो आल्यामुळे कोणाचं काय गेलं?

शेवटचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. नवीन काही सुरू झालं की त्याचा फायदा कोणाला झाला याची मोजदाद होते. ज्यांचं बुडालं ते मोजणीच्या वेळी हजरच नसतात.

आम्ही केलं त्याला निव्वळ अनवधान म्हणून सोडून देता येत नाही. कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घ्यायची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली होती. म्हणजे हे औदार्याचं काम नव्हतं, नियमाचंच होतं. आणि ते जमतं हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बायाच तिच्या सभासद आहेत. मुंबई परिसरात स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकासाच्या कामातून कचरा वेचणाऱ्या बायकांना खताचं आणि बायोगॅसचं काम शिकवलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीचे बायोगॅस प्रकल्प या बाया चालवू लागल्या. यंत्र आलं, पण ते ज्यांच्या पोटावर येणार होतं त्यांच्याच हातात त्याची किल्ली दिली गेली. आमच्या सोसायटीत ती किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे होती.

इथे जातीबद्दल बोलायला हवं. मावशींची आई १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईत आली. मातंग कुटुंब, जमीन नाही, हातात कुठलं दुसरं काम नाही. मुंबईच्या कचऱ्यावर जगणाऱ्या किती बायकांची गोष्ट याच दुष्काळापासून सुरू होते, हे त्या वस्त्यांत दहा मिनिटं बसलं तरी कळतं. अशी बाई रोज समोर असूनही कमिटीला ‘दिसत’ नाही, याचं कारण आमच्या स्मरणशक्तीत शोधून उपयोग नाही. कचऱ्याला हात लावणाऱ्या माणसाचं मत घ्यायचं असतं, ही सवयच आपल्याला शतकानुशतकं लागू दिलेली नाही. ज्या इमारतींत घरकामाच्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट ठेवतात, त्याच इमारतींत कचऱ्याचं यंत्र सर्वांत आधी येतं. नवं तंत्र जुन्या उतरंडीवर ठेवलं की उतरंड मोडत नाही, तिला विजेची जोडणी मिळते.

माझे वडील माथाडी. पाटण तालुक्यातून मुंबईला आले, आधी मशीद बंदरला आणि बाजार वाशीला आल्यावर कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोण्या वाहिल्या. आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडींच्या घरांमध्ये वाढलो. त्यामुळे सामाजिक नवोपक्रम म्हटलं की माझ्यासमोर एखादं ॲप किंवा स्पर्धेतलं सादरीकरण येत नाही, माथाडी बोर्डाचं कार्ड येतं. वडील ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या खणात ठेवायचे.

हमालाचा प्रश्न मुळात विचित्र होता. एकाच दिवसात तो पाच व्यापाऱ्यांचा माल उतरवायचा, मग त्याचा मालक कोण? मालकच नाही तर भविष्य निर्वाह निधी कोण भरणार, सुट्टी कोण देणार, पाठ मोडली तर कोणाच्या दारात जायचं? कामगार कायदे मालक धरून चालत होते आणि हा माणूस त्या सगळ्या कायद्यांच्या बाहेर पडत होता. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली, लढे झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातली युक्ती मला आजही थक्क करते. कामगार आणि मालक दोघांनीही या कायद्याखालच्या माथाडी बोर्डाकडे नोंद करायची. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, बोर्डात भरायची. बोर्ड कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून निधी, बोनस, सुट्टी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. बोर्डावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी एकत्र बसणार. गोदी कामगारांसाठी आधीपासून असलेल्या पद्धतीचा धागा त्यात होता, पण गल्लीबोळात विखुरलेल्या, रोज मालक बदलणाऱ्या माणसांना तो लावणं ही नवी गोष्ट होती.

ती सुचली कारण प्रश्न मांडणारे स्वतः गोणी उचलणारे होते. बाहेरून कुणी विचार केला असता तर हमालांसाठी दवाखाना काढला असता, कपडे वाटले असते, फार तर ट्रॉली दिली असती. वाईट काही नाही त्यात. पण ‘आमचा मालक कोण ते आधी ठरवा’ हे हमालच म्हणू शकत होता. त्या एका वाक्याने माझ्या आईला महिन्याचा हिशेब लिहिता येऊ लागला आणि मला कॉलेजात जाता आलं.

या कायद्याच्याही उणिवा मी जवळून पाहिल्यात. माथाडींच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी खऱ्या माथाडीचं नाव खराब केलं. खऱ्या माथाडींच्या कामाच्या टोळ्यांतही नात्यागोत्याचं वजन चालतं. बाजारातल्या बायांचं, धान्य साफ करणाऱ्यांचं, सांडलेला माल वेचणाऱ्यांचं म्हणणं पुढाऱ्यांच्या भाषणात क्वचितच यायचं. सामावून घेतलेला माणूसही पुढच्याला बाहेर ठेवू शकतो. म्हणून खोलीत कोण आहे हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही.

याच राज्याने रोजगार हमी दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आकाराला आली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याचा पाया तिथेच सापडतो. शहरातल्या पगारदाराच्या स्लिपवर जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये या योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला होता. त्या योजनेतलं मर्म असं की लाभार्थी कोण हे वरून ठरत नव्हतं. जो कामाला येईल त्याला काम. दाखला नको, शिफारस नको. म्हणून तिथे बायका एवढ्या मोठ्या संख्येने आल्या. दार कसं ठेवायचं यावर आत कोण येणार हे ठरतं.

दार माणसापाशी नेता येतं याचं उदाहरण ठाण्यातच आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ च्या जूनमध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांचं हे काम. सिग्नलला गजरे, फुलं, खेळणी विकणारी मुलं बहुतेक मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेल्या कुटुंबांची. शहरात पालिकेच्या शाळा होत्या, प्रवेश फुकट होता, तरी ही मुलं तिथे नव्हती. कारण शाळेत जायचं तर घर लागतं, अंघोळीची सोय लागते, सकाळी कुणीतरी उठवून पाठवावं लागतं आणि दिवसाची कमाई सोडावी लागते. मग मालवाहू कंटेनर आणून पुलाखालीच वर्ग उभे केले. मूल आलं की आधी अंघोळ, मग खाणं, मग अभ्यास. इथली मुलं पुढे दहावी पास झाली.

मी तिथे गेले होते तेव्हा वर गाड्यांचा आवाज सतत चालू होता आणि आत एक मुलगी पाढे म्हणत होती. मला वाटलं, शाळा मुलाकडे आली हे झालंच, पण त्याआधी कुणीतरी मुलाचा दिवस मोजलाय. किती वाजता सिग्नलला गर्दी असते, पाणी कुठून आणतात, धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं. एवढं मोजायला त्या पुलाखाली बसावं लागतं. त्याच वेळी हेही खरं की संध्याकाळी ते मूल परत पुलाखालीच झोपतं. शाळा घर देऊ शकत नाही. तो प्रश्न शहराचा आहे आणि शहराने तो शाळेच्या यशाआड लपवू नये.

शहराचं बोलायचं तर नवी मुंबई स्वतःच एक मोठा प्रयोग होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं, मुंबईचा भार हलका करणारं आखीव शहर वसवायचं ठरलं. कागदावर सुंदर कल्पना. रुंद रस्ते, सेक्टर, रेल्वे, खाडीकिनारी मोकळी जागा. आगरी आणि कोळी गावं मात्र त्या नकाशात संपादनाचे आकडे म्हणून आली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतरच विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना रुळली. शहराच्या प्रगतीत मूळ रहिवाशाचा वाटा, ही या नगराची खरी नवी कल्पना, आणि ती नियोजनकारांच्या टेबलावर जन्मली नाही. ती रस्त्यावर, रक्त सांडून मिळवावी लागली.

त्यातही सातबारा ज्याच्या नावावर, त्याचा हिशेब झाला. खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. भरावामुळे ज्या कोळणीची मासळी गेली, ज्या मिठागराच्या मजुराचं काम गेलं, ते या टक्क्यांत कुठे धरायचे? गावठाणातले माझे मित्र आजही विचारतात, स्मार्ट शहराच्या सादरीकरणात आमचं गाव हिरव्या ठिपक्यासारखं का दाखवतात. त्यांच्या विचारण्यात राग कमी आणि थकवा जास्त असतो.

आता पुढची गोष्ट मोबाइलची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. घरात फोन असतो, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. ओटीपी त्याच्याकडे येतो. सेवा मोबाइलवर आणली म्हणजे ती घराघरात पोहोचली असं आपण मानतो, प्रत्यक्षात ती घरातल्या एका माणसापर्यंत पोहोचते आणि तो ठरवेल तेव्हा पुढे सरकते. खडकाच्या आणि सिमेंटच्या कामाने ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्यांना अंगठा लावून ओळख पटवता येत नाही. अंध माणसाला स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालतं, पण बटणांना नावंच दिलेली नसली तर ते काय वाचणार? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मानतो. आपल्या रचनेत मात्र अजून एकच प्रकार आठवतो, चाकाची खुर्ची, आणि तिच्यासाठी इमारत पूर्ण झाल्यावर बाजूला चिकटवलेला उतार. वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी शिक्षण, उपचार आणि पालकांचं मार्गदर्शन एका छताखाली देतं. तिथले पालक शहरातल्या कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त जाणतात की बसची पायरी किती इंच असावी. त्यांना बसच्या निविदेआधी विचारलं पाहिजे.

फोन, कागद, भाषा हे अडथळे निदान बोलले जातात. वेळेचा अडथळा कुणी धरत नाही. लोकसहभागाची बैठक सकाळी अकराला, एसी हॉलमध्ये, मंगळवारी. दगडखाणीतल्या, घरकामाच्या, नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. आलेल्या तज्ज्ञाला मानधन मिळतं, प्रवासखर्च मिळतो. वस्तीतून आलेल्या बाईला गुलाबाचं फूल आणि फोटो. तिचं म्हणणं आपल्याला हवं असेल तर तिच्या दिवसाचे पैसे द्यावेत. मला यात कसलीही अडचण दिसत नाही, फक्त खर्चाच्या तक्त्यात एक ओळ लागते.

कंपन्यांच्या पैशाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, चांगलं झालं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्यातून शौचालयं आली, प्रयोगशाळा आल्या, रुग्णवाहिका आल्या. पण या पैशाला मार्चची घाई असते आणि अहवालात संख्या लागते. वस्तीत विश्वास बसायला दोन पावसाळे लागतात. मग सोपी माणसं निवडली जातात: कागद असलेली, मराठी किंवा हिंदी नीट बोलणारी, रस्त्याजवळ राहणारी. येऊरच्या पाड्यावरची वारली आजी, दिघ्याच्या डोंगरउतारावरचं तेलुगू बोलणारं कुटुंब, घरातून बाहेर काढलेली तृतीयपंथी मुलगी हे सगळे ‘पुढच्या टप्प्यात’ जातात. तो टप्पा येईपर्यंत निधी संपलेला असतो.

माझ्या ओळखीचे काही कार्यकर्ते, ज्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, ते म्हणतात: सगळ्यांना विचारत बसलो तर काहीच उभं राहणार नाही. आधी करून दाखवू, मग लोक जोडले जातील. या म्हणण्यात तथ्य आहे. आजारी मुलाला औषध देताना आपण सभा बोलावत नाही. शिवाय वस्तीला विचारायचं म्हणजे बहुधा वस्तीतल्या एका दादाला विचारलं जातं आणि तो स्वतःचंच सांगतो. पण आमच्या सोसायटीने वेळ वाचवून काय मिळवलं? खताचं यंत्र सहा महिन्यांत दोनदा बंद पडलं. नारळाच्या करवंट्या आणि निर्माल्याचे दोरे त्याच्या पात्यांत अडकले. तळघरात ठेवल्याने वास लिफ्टमधून वर यायला लागला. दुरुस्तीला जे पैसे गेले त्यात मावशींना वर्षभर रीतसर पगार देता आला असता.

लोकशाहीत याची जागा ठरलेली आहे, ती आपण रिकामी ठेवलीय. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या. गावात ग्रामसभा असते तशी क्षेत्रसभा शहरात भरावी असं आपल्या कायद्यातही आलं. मी पंचवीस वर्षं मतदार आहे, माझ्या क्षेत्रसभेचं बोलावणं मला एकदाही आलेलं नाही. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार केला. ज्याच्याकडे ॲप नाही त्याला नगरसेवकाचं दार तरी असतं, त्या काळात तेही नव्हतं. क्षेत्रसभा संध्याकाळी, वस्तीच्या अंगणात भरली, आणि प्रत्येक नव्या योजनेनंतर वर्षभराने तिथे ‘कोण गळलं’ याची नावासकट यादी वाचली गेली, तर निम्मे नवोपक्रम आपोआप सुधारतील असं मला खात्रीने वाटतं. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाची आणि खर्चाची लोकांनी करायची तपासणी, ग्रामसभेकडे दिलं होतं. शहराला ते का नको?

गेल्या महिन्यात मी तुर्भ्याला मावशींना शोधत गेले. त्या आता रस्त्यावरचा कचरा वेचतात, उत्पन्न निम्म्याहून खाली आलंय. मी माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “ताई, मशीन तळघरात ठेवायचं नाही, गेटजवळ ठेवायचं. नळ पाहिजे. करवंट्या आधीच काढून मला द्या, त्याला गिऱ्हाईक आहे. हे मी तेव्हाच सांगितलं असतं.” परत यायला त्या तयार आहेत. त्यांच्या अटी चार: महिन्याचा पगार, सोसायटीचं ओळखपत्र, बसायला शेड, आणि सुका कचरा विकण्याचा हक्क त्यांचाच. फोटो काढायचा नाही, हे त्यांनी मी निघताना सांगितलं.

हा विषय रविवारच्या मीटिंगच्या पत्रिकेत सातवा होता. सातव्या विषयापर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात, म्हणून तो पहिला घ्या असं मी सेक्रेटरींना लिहून दिलंय आणि मीटिंग सकाळी दहाऐवजी संध्याकाळी पाचला घ्यायला लावलीय. तिघांचा विरोध आहे, बाहेरच्या माणसाला मीटिंगमध्ये बसवता येत नाही म्हणतात. मावशींनी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, रविवारी माझं वजन लवकर घे.